रिकाम्या रकान्याचं काय करायचं?

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. छोट्या कर्जांचे अर्ज तपासणारी एक प्रणाली आमची टीम सांभाळते. अर्ज आला की त्यातल्या माहितीवरून त्याला गुण द्यायचे आणि गुणांवरून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवायचं, एवढंच तिचं काम. गावात हे सगळं कुणाला समजावत बसत नाही. ‘कम्प्युटरमध्ये आहे’ म्हटलं की भागतं.

भाऊबीज झाल्यावर शाळेतला एक वर्गमित्र घरी आला. त्याची दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास तो आणि त्याची बायको मुकादमाकडून उचल घेतात आणि टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कारखान्याच्या हद्दीत, उरलेले महिने शेत, मजुरी, कधी कुणाचा टेम्पो. यंदा मात्र उचल न घेता दोन म्हशी घ्याव्यात असं त्यानं ठरवलं होतं. मुलगी पहिलीत गेली होती. तिला शाळेतून काढून सोबत न्यायचं नव्हतं आणि मागे ठेवायला घरात कुणी नव्हतं. म्हणून त्यानं मोबाइलवरून कर्जाचा अर्ज भरला होता.

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. ‘सध्या आपण या योजनेसाठी पात्र नाही’ असं वाक्य होतं. अ‍ॅप आमच्या एका ग्राहक कंपनीचं होतं, पण वाक्य मी ओळखलं. दीड वर्षापूर्वी ते मीच टाइप केलं होतं.

“तू असलंच काहीतरी करतोस ना पुण्यात? मग सांग की, मी नेमका कशात बसतो?” तो म्हणाला. “धंदा कोणता, तर नोकरदार, व्यावसायिक, शेतकरी, इतर. मी इतर टाकलं. मग विचारतंय, दरमहा उत्पन्न किती. आता दरमहा कुठं असतं आपलं? सहा महिने हाय, सहा महिने न्हाई. मोकळंच सोडलं.”

काय झालं असणार ते मला तिथल्या तिथे कळलं. एखादा रकाना रिकामा आला तर तिथे शून्य धरायचं, अशी एक ओळ मी लिहिली होती. प्रोग्रॅमिंगमध्ये रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे ‘माहीत नाही’ आणि शून्य म्हणजे ‘माहीत आहे, काही नाही’. हा फरक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. पण रिकामे रकाने गणितात अडचण करतात, बेरीज थांबते, चाचण्या नापास होतात. शून्य घातलं की सगळं सुरळीत चालतं. माझ्या मित्राचं उत्पन्न ‘माहीत नाही’ होतं. मी ते ‘काही नाही’ करून टाकलं होतं.

त्याला मी हे सांगितलं नाही. “बघतो” एवढंच म्हणालो.

त्याच संध्याकाळी चुलतबहीण दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा धडा तिला समजून घ्यायचा होता. डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं, मग मेंडेलीव्ह, मग आधुनिक आवर्तसारणी, असा तो ओळीनं येतो. मेंडेलीव्हनं न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी सारणीत रिकाम्या जागा सोडल्या, या वाक्याशी ती अडली.

“दादा, आम्ही पेपरात जागा रिकामी सोडली तर शून्य मिळतं. आणि यानं रिकामी सोडली तर ग्रेट कसा?”

तिला त्या दिवशी जे सांगितलं ते अर्धवट होतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न आहे.

*

मूलद्रव्यांची नुसती यादी करणं फार अवघड नव्हतं. १७८९ मध्ये लाव्हाझिएनं ३३ साध्या पदार्थांची यादी केली. त्यात ऑक्सिजन, गंधक, सोनं यांच्याबरोबर प्रकाश आणि उष्णता हेही होते. यादीत नवं नाव शेवटी जोडता येतं आणि चुकीचं नाव खोडता येतं. यादी कुणाला काही बजावत नाही. सारणीचं तसं नसतं. एका वस्तूची जागा ठरली की शेजारच्या वस्तूवर त्याचा परिणाम होतो.

डोबेरायनरनं १८२९ मध्ये त्रिकं मांडली. कॅल्शियम, स्ट्राँशियम, बेरियम ही एकमेकांसारखी वागणारी तीन मूलद्रव्यं घेतली, तर मधल्याचं अणुवस्तुमान बाकी दोघांच्या सरासरीच्या जवळ येतं. कॅल्शियम ४०, बेरियम १३७, सरासरी साडेअठ्ठ्याऐंशी. आणि स्ट्राँशियम जवळपास ८८. लिथियम-सोडियम-पोटॅशियम आणि क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीन यांचंही तसंच. पण सगळी मूलद्रव्यं काही त्रिकांत बसेनात. शिवाय अणुवस्तुमानं कोणाची खरी मानायची यावरच वाद होता. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक अणू की दोन, यावर एकमत नसेल तर ऑक्सिजनचं वस्तुमान ८ की १६ हे कसं ठरणार? १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथं रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इटलीच्या कॅनिझारोनं वस्तुमानं ठरवण्याची एक सुसंगत रीत पुढे ठेवली. श्रोत्यांमध्ये तरुण मेंडेलीव्ह होता आणि लोथार मायरही होता. पुढे या दोघांनीही सारण्या केल्या.

मध्ये न्यूलँड्स येतो. १८६५ मध्ये त्यानं दाखवलं की मूलद्रव्यं वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं लावली तर दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं. आपल्याकडे शिकवताना सप्तकाचं उदाहरण देतात, ‘सा’पासून निघालं की आठवा पुन्हा ‘सा’. १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यानं हे मांडलं, तेव्हा एका सभासदानं विचारलं की मूलद्रव्यं इंग्रजी अक्षरक्रमानं लावून पाहिलीत का? हा टोमणा पुस्तकांतून कायमचा राहिला आणि न्यूलँड्सवर अन्याय झाला असं आपण शिकलो. १८८७ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला डेव्ही पदक देऊन थोडी भरपाई केली. पण त्याच्या अष्टकांच्या तक्त्यात एक दोष खरोखरच होता. त्यानं एकही घर रिकामं सोडलं नाही. त्यामुळे सप्तक जुळवण्यासाठी कोबाल्ट आणि निकेल या दोघांना एकाच घरात कोंबावं लागलं, तेही फ्लुओरीन-क्लोरीनच्या पंक्तीत. या दोन धातूंचं क्लोरीनशी काहीही नातं नाही.

न्यूलँड्सनं केलं ते मला फार ओळखीचं वाटतं. तक्ता पूर्ण दिसला पाहिजे, प्रत्येक घरात काहीतरी असलं पाहिजे, म्हणून जे हाताशी आहे ते दाबून बसवायचं. माझा मित्र ‘इतर’मध्ये बसला तो असाच.

*

मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये पहिली सारणी केली तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होता. तेव्हा ६३ मूलद्रव्यं ठाऊक होती. त्यानं वस्तुमानाचा क्रम धरला, पण गुणधर्म जुळत नसतील तर क्रम ओढूनताणून पुढे नेला नाही. तिथं घर मोकळं सोडलं आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं. प्रश्नचिन्हापुढे आकडेही होते : ४५, ६८, ७०.

१८७१ मध्ये तो आणखी पुढे गेला. त्यानं या रिकाम्या घरांना नावं दिली, तीही संस्कृत आकड्यांवरून. ॲल्युमिनियमच्या खालचं एक घर ते एका-ॲल्युमिनियम, तसंच एका-बोरॉन आणि एका-सिलिकॉन. पुढची घरं द्वि आणि त्रि. एका-ॲल्युमिनियमचं अणुवस्तुमान ६८ च्या आसपास असेल, घनता ५.९ असेल, ते कमी तापमानाला वितळेल, असं त्यानं लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्रान यानं गॅलियम शोधलं. त्याला घनता ४.७ मिळाली. मेंडेलीव्हनं कळवलं की तुमचा नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या जवळ यायला हवी. ज्यानं गॅलियम डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तो ज्याच्या हातात गॅलियम होतं त्याला सांगत होता की तुमचं मोजमाप चुकलं. लकोकनं नमुना आणखी शुद्ध केला, पुन्हा मोजलं, आणि घनता ५.९ भरली. १८७९ मध्ये स्कँडियम आलं, ते एका-बोरॉनच्या जागी बसलं. १८८६ मध्ये विंकलरला जर्मेनियम मिळालं, ते एका-सिलिकॉनच्या जागी. भाकीत ७२ चं होतं, मिळालं ७२ हून थोडं जास्त.

म्हणजे चुलतबहिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की मेंडेलीव्हनं जागा रिकामी सोडली तेव्हा तिथे ‘इथे काही नाही’ असं म्हटलं नव्हतं. ‘इथे काहीतरी आहे, ते मला अजून दिसलेलं नाही, आणि दिसेल तेव्हा साधारण असं असेल’ असं म्हटलं होतं. पेपरात तिनं असं लिहून जागा सोडली तर चांगल्या शिक्षकानं निदान अर्धा गुण द्यावा.

पण गोष्ट इथे संपवली तर ती सोयीची होईल. सारणीनं वस्तूला ‘तू चुकलीस’ असं सांगणं, हे गॅलियमच्या बाबतीत बरोबर निघालं. युरेनियमच्या बाबतीतही. लोक त्याचं वस्तुमान १२० धरत होते, मेंडेलीव्हनं ते दुप्पट करून २४० केलं आणि ते खऱ्याच्या जवळ निघालं. टेल्युरियमच्या बाबतीत मात्र गंमत झाली. टेल्युरियम गंधकाच्या गणात बसतं आणि आयोडीन क्लोरीनच्या. म्हणजे आधी टेल्युरियम, मग आयोडीन. पण टेल्युरियमचं वस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त भरत होतं. मेंडेलीव्हनं गुणधर्म पाहून दोघांना योग्य जागी बसवलं आणि जाहीर केलं की टेल्युरियमचं मोजमाप चुकलंय, ते १२३ ते १२६ च्या दरम्यान असलं पाहिजे. रसायनशास्त्रज्ञांनी पुन्हापुन्हा मोजलं, पण टेल्युरियम काही कमी भरेना. आजही ते १२७.६ आहे आणि आयोडीन १२६.९. जागा बरोबर होती, कारण चुकीचं होतं.

खरं कारण १९१३ मध्ये हेन्री मोझलीच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून पुढे आलं. सारणीचा खरा क्रम वजनाचा नव्हताच; अणुकेंद्रावरच्या धनप्रभाराचा होता. त्यालाच आपण अणुअंक म्हणतो. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३, वाद मिटला. आणि पूर्णांक असल्यामुळे रिकाम्या जागाही मोजता येऊ लागल्या : ४३, ६१ आणि ७५ ही घरं मोकळी आहेत हे त्याला दिसलं. यातलं ४३ म्हणजे मेंडेलीव्हचं एका-मँगनीज. ते १९३७ मध्ये मिळालं, निसर्गात शोधून नव्हे तर प्रयोगशाळेत तयार होऊन, म्हणून त्याचं नाव टेक्नेशियम. १८७१ मध्ये सोडलेलं घर ६६ वर्षं मोकळं राहिलं आणि कुणी तिथे शून्य लिहिलं नाही. मोझली स्वतः हे पाहायला नव्हता. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या २७ व्या वर्षी. मी आता त्याच्याहून एका वर्षानं मोठा आहे.

*

सारणीत घरच नसलेल्या वस्तूचं काय होतं, याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याशी जोडली गेली आहे. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. कॉलेजच्या सहलीत आम्हीही त्यांवर बसून फोटो काढले होते. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबानं इथूनच हेलियम शोधला, असं तिथे आवडीनं सांगितलं जातं. घडलं ते थोडं वेगळं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रान्सचा जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहता येईल, हे त्याच्या तिथेच लक्षात आलं. लॉकियरनं तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून निरीक्षण केलं. त्या वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारी तिसरी एक पिवळी रेषा होती. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकियर विजयदुर्गाला आला तो ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅमझीनं १८९५ मध्ये एका खनिजातून हेलियम पृथ्वीवरही मिळवला होता.

म्हणजे हेलियम २७ वर्षं एका रेषेच्या रूपात नुसताच होता. अनेक रसायनशास्त्रज्ञ त्याला मूलद्रव्य मानायलाच तयार नव्हते. लॉकियरला तो धातू वाटला, म्हणून धातूंच्या नावांना जोडतात तसा शेपटाला ‘इयम’ जोडला. तो वायू निघाला, तोही कशाशीच संयोग न करणारा, पण चुकीचं आडनाव आजही त्याला चिकटलेलं आहे. १८९४ मध्ये ऑर्गॉन सापडला तेव्हा मेंडेलीव्हची सारणीच अडचणीत आली. अशा निष्क्रिय वायूंसाठी तिच्यात घर नव्हतं, रिकामंसुद्धा नव्हतं. मेंडेलीव्हनं सुचवलं की ऑर्गॉन हे मूलद्रव्य नसून नायट्रोजनचे तीन अणू एकत्र आले असावेत. सारणी वाचवायला त्यानं वस्तूलाच नाकारून पाहिलं. पुढे निऑन, क्रिप्टॉन, झेनॉनही मिळाले आणि अख्खा नवा गण जोडावा लागला. मेंडेलीव्हनं अखेर तो मान्य केला.

मला या दोन प्रसंगांत फरक करता येईना. गॅलियमला ‘तू चुकलास’ म्हणणं हे धाडस, आणि ऑर्गॉनला तेच म्हणणं हा हट्ट, असं निकाल माहीत झाल्यावर कुणीही म्हणेल. पण निकाल लागण्याआधी दोन्ही सारखंच दिसतं. मग सारणीला वस्तूला खोटं पाडायचा अधिकार केव्हा असतो?

बऱ्याच विचारानंतर मला एवढंच सापडलं : वस्तू पुन्हा मोजता येत असेल आणि सारणीला हरायची तयारी असेल, तेव्हा. लकोकला पत्र आलं तेव्हा गॅलियम त्याच्या टेबलावर होतं. तो पुन्हा मोजू शकत होता, आणि पुन्हा ४.७ च आलं असतं तर मेंडेलीव्हची जाहीर फजिती झाली असती. ऑर्गॉनच्या बाबतीत तसंच घडलं आणि सारणी बदलली.

आता माझी सारणी घ्या. ती ज्याला ‘अपात्र’ म्हणते त्याला कर्ज मिळत नाही. कर्ज मिळत नाही म्हणून त्यानं ते फेडलं असतं की नाही, हे कधीच कळत नाही. ज्यांना दिलं त्यांच्यापैकी कोण बुडालं हे आम्ही नीट मोजतो. ज्यांना दिलं नाही त्यांच्यातला एकही माणूस आमच्या आकड्यांत पुन्हा दिसत नाही. म्हणून दर तिमाहीच्या अहवालात प्रणाली बरोबरच निघते. मेंडेलीव्हच्या सारणीला हरण्याची वाट होती. माझ्या सारणीला मी ती ठेवलीच नव्हती.

*

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. मूलद्रव्यं आणि माणसं यांची तुलनाच चुकीची आहे. १३ आणि १४ यांच्यामध्ये कुठलंही मूलद्रव्य नाही, कधीच असणार नाही. सारणी माणसानं काढली, पण तिच्या भिंती निसर्गात आहेत. नोकरदार आणि शेतकरी यांच्यामध्ये अशी भिंत नाही. तिथे माझा मित्र उभा आहे आणि त्याच्यासारखे लाखो लोक उभे आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, एकटा माणूस अर्धा कोयता. हिशोब सोपा व्हावा म्हणून दोन माणसांचं एक झालेलं हे घर कुठल्या निसर्गात आहे? माणसांचे तक्ते आपल्याकडे नवे नाहीत. आमच्या गावच्या गोरोबाकाकांच्या नावात ‘कुंभार’ आहे, तेही अशाच तक्त्यातलं घर.

गोरोबांची समाधी तेरला आहे, आणि त्यांच्याबद्दलची एक कथा आमच्याकडे लहानपणापासून ऐकतो. सगळे संत त्यांच्या घरी जमले होते. मुक्ताबाई म्हणाल्या, काका, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते सांगा. गोरोबांनी मडकी घडवायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव कळवळले, रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं.

लहानपणी ही कथा मला आवडायची. या दिवाळीत समाधी मंदिरात बसलो असताना ती खटकली. ज्यानं दुखलं म्हणून सांगितलं तोच नापास? माझ्या प्रणालीतही तक्रार करणाऱ्याला वेगळं घर नव्हतं. पण कथा तिथे संपत नाही. नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि परत आले. कच्चं मडकं म्हणजे फुटकं मडकं नव्हे; त्याची भट्टी अजून व्हायची आहे, एवढंच. शिवाय गोरोबांनी पारख केली ती समोर बसवून, स्वतःच्या हातानं, सगळ्यांच्या देखत. निकाल कुणी दिला आणि कशावरून दिला, हे नामदेवांना ठाऊक होतं. माझ्या मित्राला ते ठाऊक नव्हतं. तो माझ्याच घरी, माझ्याच समोर बसला होता, तरी ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन गावातल्या वस्तुसंग्रहालयात गेलो. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. इथल्या पांढरीत सापडणारे मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या आणि संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी करतात. मला मात्र तिथे एकच गोष्ट सारखी जाणवत होती. जमवणाऱ्यानं वस्तू उचलली तेव्हा ती कुठल्या घरात बसते हे ठरलेलं नव्हतं. त्यानं ती ठेवून घेतली, फेकली नाही. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर असंच. मागच्या बाजूनं अर्धवर्तुळाकार, विटांचं, आत विष्णूची त्रिविक्रम मूर्ती. आणि अभ्यासक सांगतात की हे मुळातलं बौद्ध चैत्यगृह. त्याच्यासाठी फॉर्ममध्ये एकच पर्याय निवडायला सांगितला तर काय निवडायचं? वास्तू मात्र दोन्ही उत्तरं सांभाळत शतकानुशतकं उभी आहे.

माणसांना अणुअंक नसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. जिथे भिंती निसर्गात आहेत तिथेही मेंडेलीव्हला रिकामी घरं सोडावी लागली, प्रश्नचिन्हं घालावी लागली, गण वाढवावा लागला. जिथे भिंती आपणच दुपारच्या मीटिंगमध्ये उभ्या केल्या, तिथे तर कितीतरी जास्त सोडायला हव्यात.

*

पुण्याला परतल्यावर मी ती ओळ बदलायचा प्रस्ताव दिला. रिकामा रकाना रिकामाच राहील, तो अर्ज आपोआप नाकारला जाणार नाही, माणसाकडे जाईल. उत्पन्न दरमहा न विचारता वर्षाचं आणि हंगामाचं विचारायचं. आणि तिसरं, प्रणालीनं नाकारलेल्यांपैकी थोड्या लोकांना तरीही कर्ज देऊन बघायचं, म्हणजे प्रणाली कुठे चुकते ते कळेल. वरिष्ठांनी विचारलं की माणूस बसवायचा खर्च कोण करणार. हा वाईट प्रश्न नाही. मेंडेलीव्हचं रिकामं घर ६६ वर्षं थांबू शकतं, टेक्नेशियमला भूक लागत नाही. अर्जदाराला हो किंवा नाही आठवड्यात हवं असतं, आणि कंपनीला ते फुकटात हवं असतं. पहिल्या दोन गोष्टी पाच महिन्यांनी झाल्या. तिसरी अजून ‘विचाराधीन’ आहे.

मित्र तोवर थांबला नाही, थांबणं शक्यही नव्हतं. त्यानं उचल घेतली आणि दोघं टोळीबरोबर गेले, एक कोयता म्हणून. मुलीलाही सोबत नेलं.

चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला गावी गेलो तेव्हा तो परत आला होता. दिवाळीत काय झालं होतं ते मी त्याला या वेळी सांगितलं, ती ओळ माझी होती हेही. त्यानं ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हंजे मी काही कमवतच न्हाई, असं लिवलं व्हतंस होय?”

“हो,” मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी बसून नवा अर्ज भरला. हंगामाचं उत्पन्न, शेताचं, टेम्पोचं, वेगवेगळं. शेवटी स्क्रीनवर आलं : ‘आपल्या अर्जाची तपासणी सुरू आहे.’ हे वाक्य दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं.

“ह्याचा अर्थ हो का न्हाई?”

“अजून काहीच नाही. कुणीतरी बघणार आहे.”

“बघू दे,” तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.